प्रस्तावना : कीर्द, खतावणी आणि खोळंबलेली रांग

रत्नागिरीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक संध्याकाळ हमखास येते. वारा सुटतो, कुठेतरी माडाची झावळी तारांवर पडते आणि शिरगावपासून भाट्यापर्यंत लाईट जाते. तास-दीड तासाने ती येते. पंखे फिरू लागतात, आणि त्याच वेळी घराघरांतले राउटर जागे होऊन एकाच दारावर थाप मारतात : हा ग्राहक तुमचा आहे ना, याचा प्लॅन चालू आहे ना, मग याची वेळ आता मोजायला घ्या. दहा मिनिटांत इंटरनेटवाल्याच्या ऑफिसातला फोन वाजू लागतो. "लाईट आली, टीव्ही लागला, मग नेटच का नाही?" फोन घेणारा मुलगा फायबर तपासतो, ती शाबूत असते. बाहेरची लाइन जवळजवळ रिकामी असते. सर्व्हरचा प्रोसेसर आठ-दहा टक्क्यांवर असतो. सगळे ठीक दिसते आणि आत मात्र कोणीच येऊ शकत नाही.

त्या मुलासाठी हे पुस्तक आहे. त्याच्या मालकासाठी आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला डेटाबेस शिकून आलेल्या पण खराखुरा अडलेला डेटाबेस कधीच न पाहिलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि ज्याला नुसतेच कुतूहल आहे त्याच्यासाठीही आहे. या अभ्यासाला बसायला मोठी पदवी लागत नाही. गुणाकार-भागाकार, संयम आणि घड्याळाकडे बघण्याची सवय एवढ्यावर पुष्कळ अंतर कापता येते.

आधी त्या दाराची ओळख करून घेऊ. जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवणे, त्याला काय वापरू द्यायचे ते ठरवणे आणि त्याने किती वापरले याचा हिशेब ठेवणे, ही तीन कामे करणारी पद्धत म्हणजे रेडियस. मोडेम डायल करून इंटरनेटवर जाण्याच्या काळात, १९९१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने ती तयार केली. तिचा आजचा लेखी नियम जून २००० मधला आहे : ओळखीसाठी आरएफसी २८६५, हिशेबासाठी आरएफसी २८६६. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते तासांवर विकले जात होते, आणि तास मोजायचे म्हणजे आत आल्याची आणि बाहेर गेल्याची नोंद हवीच. तास गेले, जीबी आले, मग 'अमर्याद' प्लॅन आले, नोंद राहिली. १९९९ मध्ये सुरू झालेला फ्रीरेडियस हा मुक्त सर्व्हर आज जगभर हे काम करतो, आणि त्याच्यामागे बहुतेक ठिकाणी मायएसक्यूएलसारखा डेटाबेस उभा असतो. त्यातल्या एका टेबलात प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक सेशनची एक ओळ असते. या पुस्तकातले जवळजवळ सगळे दुखणे त्या एका टेबलाभोवती आहे.

इंटरनेटवाल्याचा राउटर या सर्व्हरला तीन प्रकारचे निरोप पाठवतो. सेशन सुरू झाले की 'स्टार्ट', मधूनमधून आतापर्यंतच्या वापराचा 'इंटरिम', आणि संपले की 'स्टॉप'. नियम असा की नोंद नीट झाल्याशिवाय सर्व्हरने पोच द्यायची नाही, आणि पोच आली नाही तर राउटरने निरोप पुन्हा पाठवायचा. नियम योग्यच आहे. माणसाच्या पैशांचा हिशेब आहे. लिहिल्याशिवाय 'लिहिले' म्हणणे चालणार नाही. पण याच नियमामुळे डेटाबेसचा मंदपणा थेट ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचतो.

जुन्या पेढीवर हाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तरही होते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत उतरवायचा : जसा आला तसा, एकाखाली एक. कोणाचे खाते कुठल्या पानावर आहे हे त्या वेळी शोधायचे नाही. दिवस मावळल्यावर दिवाणजी कीर्द समोर घेऊन बसायचे आणि एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे, ती खतावणी. कीर्द लिहायला वेळ लागत नाही, कारण हात नेहमी शेवटच्या ओळीवरच असतो. खतावणीला लागतो, कारण पाने उलटावी लागतात. आपला रेडियस सर्व्हर साध्या मांडणीत काय करतो? गिऱ्हाईक काउंटरवर उभे ठेवून खतावणी करतो. प्रत्येक इंटरिमसाठी तो लाखो ओळींच्या टेबलात त्या सेशनची ओळ शोधतो, ती बदलतो, डिस्कवर पक्की करतो आणि मगच पोच देतो. फ्रीरेडियसमध्ये दुसरी मांडणीही आहे : निरोप आधी एका साध्या फाइलीच्या शेवटी लिहायचा, लगेच पोच द्यायची, आणि मागून दुसऱ्या प्रक्रियेने ती फाइल वाचत डेटाबेस भरायचा. कीर्द आणि खतावणी वेगळी. माझ्या मते, हजारापेक्षा जास्त ग्राहक असलेल्या प्रत्येकाने ही मांडणी पहिल्या दिवसापासून ठेवावी. तिची किंमत आहेच : 'या क्षणी आत कोण आहे' हे टेबल काही सेकंद, वाईट दिवशी काही मिनिटे, मागे राहते. त्या टेबलावर विसंबून 'एका वेळी एकच लॉगिन' तपासणाऱ्यांना हे मागेपण लक्षात ठेवावे लागते. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आता त्या संध्याकाळकडे परत येऊ. प्रोसेसर रिकामा असताना दार बंद का?

फ्रीरेडियसमध्ये एका वेळी काम करणारे धागे ठरावीक असतात. मूळ मांडणीत जास्तीत जास्त ३२. हे ३२ कारकून समजा. प्रत्येक कारकून एक निरोप घेऊन डेटाबेसच्या खिडकीशी जातो आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबतो. उत्तर अर्ध्या सेकंदात मिळाले तर सगळे मिळून सेकंदाला ६४ निरोप निकालात काढतात. दोन सेकंद लागले तर फक्त १६. धरा, तीन हजार ग्राहक आहेत आणि लाईट आल्यावर ते मिनिटाभरात परत येतात. म्हणजे सेकंदाला ५० 'स्टार्ट', आणि त्याआधीच्या ओळख पटवण्याच्या तितक्याच विनंत्या. येणारे शंभर, निघणारे सोळा. सगळे कारकून खिडकीशी उभे, म्हणून प्रोसेसरला काम नाही. ते काम करत नसून थांबलेले आहेत, आणि थांबलेल्या माणसाची प्रोसेसरच्या टक्केवारीत नोंद होत नाही.

पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. राउटर तर थांबतच नाही. आपल्याकडे लहान इंटरनेटवाल्यांत मिक्रोटिकचे राउटर खूप आहेत, आणि त्यांची रेडियसची वाट पाहण्याची मूळ मुदत ३०० मिलिसेकंद असते. तेवढ्यात पोच आली नाही की निरोप पुन्हा जातो. सर्व्हर निरोपाच्या क्रमांकावरून 'हा आधीचाच' असे ओळखू शकतो. पण हिशेबाच्या निरोपात 'मी किती सेकंद उशिरा पाठवतो आहे' हे सांगणारा एक रकाना असतो, आणि तो बदलला की नियमाप्रमाणे क्रमांकही बदलावा लागतो. मग तोच निरोप सर्व्हरला नवा वाटतो. मंदपणाने काम वाढते, वाढलेल्या कामाने मंदपणा वाढतो. लाईट आल्यावर दहा मिनिटांत ओसरायला हवी होती ती गर्दी दोन तास टिकते ती यामुळे.

रांगेचे शास्त्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये सुरू केले. कोकणातल्या माणसाला ते शिकवायला मला कोकण रेल्वे पुरते. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा हा मार्ग बहुतांश एकेरी आहे. गाडी 'क्रॉसिंगला थांबलीय' हे वाक्य इथे लहान मुलालाही ठाऊक असते. एरवी गाडी एखाद्या स्टेशनात पाच-दहा मिनिटे थांबते आणि कोणाला जाणवतही नाही. गणपतीत जादा गाड्या सुटतात, आणि मग एका गाडीचा उशीर समोरून येणारीला, तिचा तिच्या मागचीला असा सगळ्या मार्गावर पसरतो. इंजिनाचा वेग कमी झालेला नसतो; मार्ग भरलेला असतो. सर्वांत साध्या गणिती नमुन्यात, खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर प्रत्येक कामाला त्याच्या मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ती ९० टक्के वेळ गुंतली की दहापट, आणि ९५ टक्क्यांना वीसपट. "कालपर्यंत व्यवस्थित होतं, काहीही बदललं नाही" ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे आणि ती बहुतेक वेळा खरी असते. काल ९० होते, आज ९५ झाले आहेत.

एकेरी आणि दुहेरी मार्गाचा फरक डेटाबेसच्या पोटातही आहे. मायएसक्यूएलमधले जुने मायआयसॅम टेबल लिहिताना सगळेच्या सगळे अडवले जाते. कोणी लांबलचक रिपोर्ट वाचत असेल तर लिहिणारे बाहेर उभे. इनोडीबी फक्त हवी ती ओळ अडवते. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबीच मूळ पर्याय झाला, तरीही एका मशीनवरून दुसऱ्यावर उचलून नेलेली जुनी टेबले आजही भेटतात. रोज रात्री दहाला नेट अडते, अशी तक्रार असलेल्या एका ठिकाणी मी गेलो होतो. ऑफिस बंद होते म्हणून बॅकअपची वेळ कोणीतरी दहाची ठेवली होती, टेबल मायआयसॅम होते, आणि दहा ही तर सगळे गाव घरी बसून नेट वापरण्याची वेळ. बॅकअप पहाटे चारला हलवला आणि पुढच्या आठवड्यात टेबल बदलले.

डिस्कबद्दल एकच हिशेब इथे देतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. प्रत्येक नोंद वेगवेगळी 'पक्की' करायची म्हटले तर सेकंदाला शंभराच्या आसपास नोंदी होतात, मग प्रोसेसर कितीही भारी असो. तीन हजार ग्राहकांचा इंटरिम दर पाच मिनिटांनी येत असेल तर सेकंदाला १० नोंदी होतात. कोणी हौसेने तो दर मिनिटाला ठेवला की ५०. निम्मी ताकद तिथेच गेली. इंटरिमचे अंतर दहा मिनिटांपेक्षा कमी नसावे असे आरएफसी २८६९ सुचवते, आणि मलाही दहा-पंधरा मिनिटे पुरेशी वाटतात. एसएसडीने हे आकडे बदलले आहेत, पण स्वस्त एसएसडी लाईट जाताना हातातली नोंद टाकून देऊ शकते. ज्या गावात लाईट जातेच, तिथे यूपीएसच्या बॅटऱ्या वर्षातून दोनदा भार देऊन तपासणे हे डेटाबेसचेच काम समजावे.

टेबल वाढते कसे तेही पाहू. तीन हजार ग्राहक, रोज सरासरी चार सेशन धरले तर दिवसाला १२,००० ओळी, वर्षाला ४३,८०,०००. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याची अट बदलून अशा नोंदी ठेवण्याची मुदत एक वर्षावरून किमान दोन वर्षे केली. म्हणजे ८७,६०,००० ओळी, आणि ओळीला तीनशे बाइट धरले तर अडीच जीबीच्या वर. इनोडीबीला मूळ मांडणीत यासाठी मेमरी मिळते १२८ एमबी. आता 'हा ग्राहक आधीच आत आहे का' हा प्रश्न प्रत्येक लॉगिनला विचारला जातो. त्यासाठी योग्य इंडेक्स नसेल तर प्रत्येक लॉगिनला अडीच जीबी चाळली जाते.

इंडेक्स म्हणजे काय हे समजायला मतदार यादी पुरे. यादी घर क्रमांकाने लावलेली असते. गावातले सगळे सावंत शोधा म्हटले तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जावे लागते. आडनावाने लावलेली दुसरी यादी हाताशी असेल तर थेट 'स'वर. आडनाव आणि मग नाव अशी लावलेली असेल तर आणखी थेट. पण त्याच यादीत नुसत्या 'सुनील'ला शोधायला गेलो तर पुन्हा सगळी पाने. म्हणून ग्राहकाचे नाव आधी आणि सेशन संपल्याची वेळ नंतर, असा जोड इंडेक्स त्या प्रश्नाला चपखल बसतो. बोइंग कंपनीच्या संशोधन शाखेतल्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-ट्री रचनेमुळे सत्तर-ऐंशी लाख ओळींतून तीन-चार पायऱ्यांत हवी ती ओळ हाती येते. पन्नास वर्षे झाली, आजही आपण तिच्यावरच उभे आहोत. याची खोल बाजू ज्यांना हवी त्यांनी सिल्बरशात्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे डेटाबेसवरचे पाठ्यपुस्तक जरूर वाचावे, त्यातले एस. सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. इंडेक्स असूनही तो निकामी करणाऱ्या चुका मात्र पाठ्यपुस्तकापेक्षा सर्व्हरवरच जास्त भेटतात : तारखेच्या रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळले, नाव लहान अक्षरांत करून मग तुलना केली, की इंडेक्स बाजूला राहतो आणि चाळणी सुरू होते. आणि इंडेक्सही फार नकोत. प्रत्येक नव्या ओळीला ते सगळे सांभाळावे लागतात.

एक प्रसंग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण या अभ्यासातली माझी भूमिका त्यातून घडली. दक्षिण कोकणातल्या एका लहान कंपनीकडून बोलावणे आले. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण चालू होते आणि जेसीबीने फायबर तुटणे नेहमीचे झाले होते. कंपनीकडे दुसऱ्या रस्त्याने आलेली पर्यायी लाइन होती, ती लगेच चालूही व्हायची. तरीही फायबर तुटली की लॉगिन बंद पडायचे. रेडियस सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही त्यांच्याच ऑफिसात, एकाच रॅकमध्ये, हातभर अंतरावर; त्यांच्यामध्ये महामार्ग कुठेच नव्हता. तोवर त्यांनी नवा सर्व्हर घेतला होता, मेमरी दुप्पट केली होती. स्लो क्वेरीची नोंदवही उघडली तर ती कोरी. मी डेटाबेसमध्ये सध्या काय चालले आहे याची यादी मागितली. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या आणि प्रत्येकीत वापरकर्त्याच्या जागी एकच मजकूर : 'अनऑथेंटिकेटेड युजर'. क्वेरी सुरूच झालेली नव्हती. डेटाबेस प्रत्येक नव्या जोडणीला दारातच विचारत होता की या आयपी पत्त्याचे नाव काय, आणि ते नाव विचारायला तो त्या तुटलेल्या लाइनपलीकडच्या डीएनएस सर्व्हरकडे जात होता. पाच सेकंद वाट, दोन प्रयत्न, दोन डीएनएस : वीस सेकंद. मायएसक्यूएलच्या मांडणीच्या फाइलीत 'स्किप नेम रिझॉल्व्ह' ही एक ओळ घातली, परवानग्या नावांऐवजी आयपी पत्त्यांवर दिल्या आणि डेटाबेस पुन्हा चालू केला. मग मालकांना विचारून पर्यायी लाइनवर जाण्यासाठी मुख्य फायबर आम्ही हाताने काढली. लॉगिन होत राहिले.

तेव्हापासून मी आधी 'वेळ कुठे गेला' हे विचारतो आणि कुठलीही सेटिंग त्यानंतरच बदलतो. एक निरोप पकडायचा आणि त्याच्या मागे जायचे : रेडियसच्या दारात किती वेळ, जोडणी मिळायला किती, क्वेरीत किती, लॉक सुटायला किती, डिस्कवर किती. या पुस्तकाची प्रकरणेही त्याच वाटेने लावली आहेत. वाटेत एक खड्डा सगळ्यांनाच लागतो, तो आताच दाखवतो. मायएसक्यूएलची स्लो क्वेरीची नोंदवही मूळ मांडणीत दहा सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्याच क्वेरी टिपते. जिथे राउटर ३०० मिलिसेकंदांत उठून पुन्हा दार वाजवतो, तिथे दहा सेकंदांची चाळणी कामाची नाही. एका सेकंदाच्या क्वेरीने गाव बंद पडते आणि वही कोरी राहते. ती मर्यादा दशांश सेकंदांवर आणा, मगच वाचायला बसा.

घाईतल्या दुरुस्तीबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. रात्री फोन वाजत असताना 'हिशेबच बंद करून टाकू, लोक आत तरी येतील' हा मोह होतो. लोक आत येतात. पण लाईट गेल्यावर ज्या सेशनांचा 'स्टॉप' आलाच नाही, ती टेबलात उघडी राहतात. दुसऱ्या दिवशी हिशेब चालू केला की सर्व्हर त्याच माणसाला सांगतो, तू आधीच आत आहेस. मिरकरवाड्यातल्या घरी बसून परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीला याचा अर्थ कळत नाही; मुदत मात्र तिची संपते. बिलाच्या वादात आणि पोलिसांनी मागितलेल्या माहितीतही हीच ओळ पुरावा असते. तुटक्या सेशनांचा मेळ कसा घालायचा, कुठली ओळ कधी बंद धरायची, हे प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा पुन्हा लिहिले.

भाषेबद्दल थोडे. टेबल, क्वेरी, इंडेक्स, सेशन, लॉक हे शब्द मी तसेच ठेवले, कारण रात्री दोन वाजता फोनवर माणसे तेच बोलतात. रांग, खतावणी, मेळ, पोच हे शब्द आपले आहेत आणि इथे चपखल बसतात, म्हणून तेही आहेत. आज्ञा जिथे टाइप करायच्या तिथे जशाच्या तशा दिल्या आहेत.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी एक काम करून ठेवा. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातल्या साध्या आठवड्यात, रोज सकाळी अकरा आणि रात्री दहाला पाच आकडे वहीत लिहा : सेकंदाला येणारे निरोप, पोच द्यायला लागणारा सरासरी वेळ, डेटाबेसच्या चालू जोडण्या, डिस्कची वाट पाहण्याचा वेळ, आणि टेबलातल्या न मिटलेल्या सेशनांची संख्या. चौदा ओळी होतील. जूनच्या त्या संध्याकाळी शेजारी ठेवायला त्या लागणार आहेत. रकाने आखलेला नमुना पुढच्याच पानावर आहे.

रत्नागिरी